भीती गेली, पण कोणती?

लोकलची भीती वाटते, असं अंबरनाथमध्ये कुणाला सांगायची सोय नाही. ज्या गावाचं पोट लोकलवर चालतं, तिथे ते हसण्यावारीच जायचं. म्हणून मी वर्षानुवर्षं सभ्य कारणं देत आले : मुलं लहान आहेत, सासूबाईंचं पथ्यपाणी असतं, दादरची नोकरी परवडत नाही. खरं कारण एवढंच, की दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी थांबली की छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे आणि आपण आता इथेच मरणार, अशी खात्री पटायची.

शेवटी मी एका समुपदेशक मॅडमकडे गेले. अशा भीतीवरच्या उपचाराची रीत जुनी आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाची गोष्ट प्रसिद्ध केली. तो खाऊ खात असताना त्या ससा थोडा थोडा जवळ आणत गेल्या. पुढे 1958 मध्ये जोसेफ वोल्पी यांनी पायरीपायरीने भीती उतरवण्याची शिस्तशीर पद्धत मांडली. माझ्या पायऱ्या मध्य रेल्वेनेच आखून ठेवल्या होत्या. आधी फलाटावर नुसतं बसायचं, मग अंबरनाथहून सुटणाऱ्या रिकाम्या लोकलने उल्हासनगर, मग विठ्ठलवाडी, मग कल्याण. घाबरून मध्येच उतरायचं नाही, ही अट. उतरलं की जीव भांड्यात पडतो आणि भीतीला तेवढंच हवं असतं. बसून राहिलं तर धडधड चढते, थोडी रेंगाळते आणि ओसरते. पाण्याची बाटली घट्ट धरून बसणंही समुपदेशक मॅडमनी सोडायला लावलं. नाहीतर सगळं श्रेय बाटलीला जातं.

आता मी बदलापूरहून भरून आलेल्या गाडीतही चढते. आणि इथेच मन टोचतं. समोरची गोष्ट मुळात निरुपद्रवी आहे, हे ही पद्धत गृहीत धरते. पीटरचा ससा कुणाला चावत नव्हता. लोकलचं तसं नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, काहींचे जीव गेले. लेडीज डब्यात आम्ही त्यावर हळहळलो आणि आपापलं स्टेशन जवळ येताच दाराकडे सरकलो. मीसुद्धा. वालधुनी नदीच्या वासाची झाली तशी या धोक्याचीही सवय होऊन गेली, आणि त्यासाठी कुठल्या समुपदेशकाची गरज पडली नाही.

माझी भीती म्हणजे इतरांपेक्षा जास्त जागरूकता होती, असं म्हणून मिरवायचा मोह होतो. पण ते खोटं ठरेल. ती रिकाम्या डब्यातही यायची. दारात लटकणाऱ्या पोरांशी तिचा काही संबंध नव्हता. तिला फक्त माझीच काळजी होती.

हल्ली एखादी गाडी सोडून दिली, की स्वतःला विचारते : हे शहाणपण की जुनी पळवाट? बसायला जागा असलेली अंबरनाथ लोकल सोडावीशी वाटली तर ती पळवाट. पाय टेकायलाही जागा नाही म्हणून सोडली तर शहाणपण. मधल्या गाड्यांचा निवाडा मला अजून नीट करता येत नाही.