चुकवणे आणि फेडणे

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना वडिलांच्या ऑपरेशनसाठी आईने समोरच्या आंटीजींकडून पैसे घेतले होते. वर्षभराने ती ते परत द्यायला गेली, पण 'चुकाना' हे हिंदी क्रियापद तिच्या तोंडून निघेना. हिंदीत कर्ज चुकवणारा प्रामाणिक, मराठीत तोच पळपुटा. दिल्लीत इतकी वर्षे काढूनही या एका शब्दाशी तिचे जमले नाही. शेवटी म्हणाली, "बहनजी, कर्जा उतारने आई हूँ."

"कैसा कर्जा, भैनजी?" आंटीजींनी पैसे घेतले, पण त्या दुखावल्या.

आईच्या मनात 'फेडणे' असणार. हे क्रियापद सोडण्याचे, काढून ठेवण्याचे. नवस फेडतात, उपासाचे पारणे फेडतात, पूर्वी नेसलेले लुगडेही फेडत (त्या अर्थाने आज कुणी चारचौघांत ते वापरत नाही). अंगाभोवतीचे काही सुटते आणि माणूस मोकळा होतो. सावकारापासून असे मोकळे व्हावेच. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. ती फेड नव्हे, पण तिला चुकवणे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आंटीजी मात्र सावकार नव्हत्या. मोकळे व्हायचे म्हणजे त्यांच्यापासून? नोटा मोजून देता आल्या. त्या रात्री दोन वाजता स्कूटर (दिल्लीत रिक्षाला तेच म्हणत) शोधायला धावलेला त्यांचा मुलगा, पंधरा दिवस आमच्या घरी आलेल्या पोळ्या, हे कोणत्या क्रियापदात बसवायचे? शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी, पितर यांच्या जोडीला माणसांचेही ऋण सांगितले आहे. ते माणसांना आसरा आणि अन्न देऊन फिटते. ज्याने आपल्याला दिले त्यालाच परत करा, अशी अट मला तिथे दिसत नाही. आईला हे पटले नसते. तिचा हिशेब माणसागणिक असे.

वडील निवृत्त झाले. क्वार्टर सोडताना सरकारकडून 'नो डिमांड सर्टिफिकेट' मिळाले, म्हणजे आमच्याकडे काही बाकी नाही. आईने ते फायलीत लावले. मग आंटीजींचा स्टीलचा डबा घासला आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात शंकरपाळे भरून पाठवला. दुसऱ्या दिवशी सामान ट्रकवर चढत असताना तोच डबा पिन्न्यांनी भरून परत आला.