श्रोत्यांनी माईक बंद ठेवावेत

‘श्रोत्यांनी कृपया आपापले माईक बंद ठेवावेत.’ 2020 साली आमच्या नगरमधली एक व्याख्यानमाला मोबाइलच्या पडद्यावर गेली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ही सूचना कानावर पडली. ती अजून मनातून गेलेली नाही. सभागृहे का बंद होती, हे सांगायला नको. पण सभागृहात माणसे गप्प बसत ती ऐकण्यासाठी. इथे त्यांना गप्प केले होते. गप्प बसणे आणि गप्प केले जाणे यांत मला फार मोठे अंतर दिसते.

आपल्या जिल्ह्याला तरी ते कळायला हवे. प्रवरेकाठी नेवाशात, शके 1212 मध्ये, ज्ञानेश्वरी आधी बोलली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे परंपरा मानते, तो ‘पैस’ आजही तिथे उभा आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, तेही लाडिकपणे, लेकराने हट्ट धरावा तसे. आणि श्रोतेही त्यांना मध्येच थांबवतात, मूळ विषयाकडे वळवतात. त्या ग्रंथात ऐकणाऱ्यांचा आवाज आहे.

हे सगळे मी आमच्या ग्रंथपालबाईंना ऐकवले. त्या म्हणाल्या, ‘पण सर, बाबांनी लिहून घेतले म्हणून तुम्हाला मिळाले ना? पडद्यावरच्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण वेगळे काय करते?’ मी म्हटले, टिकणे म्हणजे पोचणे नव्हे. त्यावर त्यांनी विचारले, ‘अकोले तालुक्यातली बाई संध्याकाळच्या व्याख्यानाला नगरला कशी पोचणार? रात्री परत कशी जाणार? तिला इतकी वर्षे कुणी गप्प केले होते?’

मला उत्तर सुचले नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, 14 तालुक्यांचा. आणि आमची व्याख्यानमाला मात्र सभागृहापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्यांची. त्यातही मागच्या दोन रांगांतल्या बायका स्वयंपाकाची वेळ झाली की हळूच उठत. ते मी दरवर्षी पाहत होतो, आणि त्याला सभागृहाची शिस्त समजत होतो.

मग मला आपला भुईकोट किल्ला आठवला. 1942 च्या ऑगस्टमध्ये तिथे आणलेल्या नेत्यांत नेहरू होते, तसे मौलाना आझादही. नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’चे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांची खोलीही लोक पाहायला जातात. आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’कडे मात्र नगरकरांचेही लक्ष कमी. ती पत्रे आहेत, हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला लिहिलेली. कैदेतून टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असताना आझाद पहाटे उठून, स्वतः चहा करून, लिहीत राहिले. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी चाललेला झगडाही त्यांनी मित्राला सविस्तर कळवला. समोर कुणी नव्हते, तरी त्या पत्रांतला जिव्हाळा जराही उणा नाही, कारण ती एका माणसाला लिहिली आहेत.

तेव्हा श्रोता समोर बसलेला असलाच पाहिजे, हा माझा हट्ट मी सोडतो. मात्र पडद्यावरच्या वक्त्याने श्रोत्यांच्या आकड्याशी बोलू नये, अकोल्यातल्या त्या एकीशी बोलावे. आणि शेवटचा अर्धा तास सगळ्यांचे माईक उघडे असावेत. कुणाच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली तर येऊ द्यावी. सभागृहात असती, तर ती बाई एव्हाना उठून गेली असती.