न छेडलेला गंधार

मे महिन्यातली रात्र. सोलापूरची गच्ची दिवसभर तापलेली. नऊ वाजून गेले तरी फरशीची धग तळपायाला लागते. चादर अंथरा. कुठली चादर, हे सोलापुरात सांगावं लागत नाही. तानपुरा शेजारी आडवा ठेवा. खालचा दिवा बंद करा, मोबाईल पालथा घाला.

आधी तळहात भोपळ्यावर ठेवा. तार छेडू नका.

हा भोपळा याच जिल्ह्यातला. पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या शेतांत तो खास वाद्यांसाठी पिकवतात. कडू, भाजीला निरुपयोगी. पिकतो, वाळतो, आतला गर आटतो आणि टणक साल तेवढी उरते. मग तो मिरजेला जातो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथं शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली, आणि पुढं त्या गावात सतारमेकर हे आडनावच झालं. तिथं भोपळा पाण्यात भिजवून कापतात, आतून साफ करतात, तुनाच्या लाकडाची तबली आणि दांडी त्याला जोडतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मान मिरजेचा, आणि तो रास्तच. पण पोट आमच्या जिल्ह्याचं, हे मी पाहुण्यांना सांगतोच.

हाताखाली काय आहे? जाडजूड काही नाही. पातळ साल, आणि आत काळोख भरलेली पोकळी. जरा वेळ तिथंच थांबा. श्वास आपोआप लांबेल.

आता उताणे पडा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढी त्यांना द्या. दहाच्या सुमारास ईशान्येला पाहा. हात लांब करून मूठ धरा; क्षितिजापासून दीड मूठ वर एक निळसर पांढरा तारा असेल. तो अभिजित. आज डोळ्यात शिरणारा त्याचा प्रकाश पंचवीस वर्षांपूर्वी निघाला होता. पंचवीस वर्षांपूर्वी आपण कुठं होतो, हे मनात आलं तर येऊ द्या, आणि जाऊ द्या.

हा तारा ज्या तारकासमूहात आहे, त्याला आपण स्वरमंडळ म्हणतो. ग्रीकांनी तिथं आपलं तंतुवाद्य पाहिलं, आपल्या लोकांनी आपलं. अकरापर्यंत तो अडीच मुठींवर येईल. मग त्याच्या उजवीकडे, जरा खाली, चार फिक्या ताऱ्यांचा कलता चौकोन शोधा. शहराच्या उजेडात तो चटकन सापडत नाही. रोखून पाहिलं की तारा विझल्यासारखा होतो. नजर थोडी बाजूला सरकवली की उमटतो. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यात नसतात, भोवती असतात. तेव्हा हट्ट नको. शेजारच्या अंधाराकडे पाहा.

मग उठून बसा, तानपुरा उभा धरा. पंचम, जोड, जोड, खरज. पुन्हा. बोट मऊ ठेवा, तार ओढू नका. लय श्वासाहून संथ असू द्या.

चार तारांत गंधाराची तार नाही. तरी काही आवर्तनांनंतर खरजाच्या शेपटातून गंधार उमलतो. खरजाची तार अख्खी कंप पावते, तशी दोन, तीन, चार, पाच भागांतही पावते. त्या पाचव्यातून तो येतो. घोडीचा माथा किंचित बाकदार घासलेला असतो. तार त्याला चाटून जाते, म्हणून हे बारीक स्वर लवकर मरत नाहीत. याला जवारी म्हणतात. (मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेल्या माणसाला हा शब्द ऐकून आधी भाकरीच आठवते. माझं तरी तसंच झालं होतं.)

गंधार ऐकायचा म्हणून कान टवकारू नका. पंचमाकडे लक्ष ठेवा. अजून आलाच नाही, तर खरजाच्या तारेखाली घोडीवर असतो तो दोरा केसभर सरकवा, आणि पुन्हा पंचमाकडे या.

बाराच्या सुमारास अभिजित चार मुठींवर असेल. स्टँडकडून एखादी एसटी हॉर्न देत जाईल, जाऊ द्या. शेवटचा खरज छेडा आणि तळहात पुन्हा भोपळ्यावर ठेवा. हाताला कंप लागत राहील. तो थांबेपर्यंत हात काढू नका.