परका आपल्या मोशीतही उतरू दे

चि. छकुलीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी विज्ञानकथा मिळाली. मंगळावरची वसाहत, तिथे येऊन पडलेला तो परका जीव, त्याचं बोलणं कुणालाच न उमगणं, हे सगळं तुझ्या मनात लख्ख उभं आहे, ते पानापानावर दिसतं. काळजी वाटली ती एवढीच की शेवटच्या दोन पानांत तू धावत सुटलीस, बाळ. त्या बिचाऱ्याला अजून कुणी नीट ओळखलंही नव्हतं आणि तू त्याला घरी पाठवून दिलंस!

लिहिण्यातला धीर कसा असतो ते बघ. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपलीच आद्याक्षरं उलटी फिरवून. अक्षर कुणाला ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. तोवर त्यांचं नाव जगभर झालेलं होतं, तरी कथेला तिच्या गुणांवरच दाद मिळावी एवढा धीर त्यांनी धरला, आणि पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

त्यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा मिळवून वाच. वाचण्याआधी एक कर. जुन्या वहीच्या कागदाची लांब पट्टी काप (नवा कागद कशाला फाडायचा), तिला अर्धा पीळ दे, टोकं चिकटव आणि मधोमध पेन्सिल ओढत जा. पेन्सिल न उचलता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून पहिल्या जागी येते. त्या पिळातून त्यांनी आपल्या ओळखीचं जग आरशातल्यासारखं उलटं करून दाखवलं, आणि त्यासाठी त्यांना ना दूरचा ग्रह लागला ना विचित्र प्राणी, गणपतीची मूर्ती आणि क्रिकेट पुरलं.

म्हणून म्हणतो, एकदा आपल्या मोशीकडे बघ. पहाटे साडेपाचला नाशिक रस्त्यावर ये, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत पोरं उभी असतात, कुणी लातूरचा, कुणी बीडचा, कुणी थेट बिहारचा. कॉट बेसिसवरच्या खोलीत रात्रपाळीचा येऊन आडवा होतो तेव्हा त्याच गादीवरून दिवसपाळीचा नुकता उठलेला असतो, आणि दोघांची महिनामहिना धड गाठ पडत नाही. तिकडे कारखान्यात यंत्राचा हात न थकता वेल्डिंग करतो. इकडे इंद्रायणीवर, माऊलींच्या आळंदीजवळ, पांढरा फेस तरंगतो. अजून पन्नास वर्षांनी या गादीवर कोण निजेल, या पाण्यात काय जगेल, हे तू मनाशी घोळव. घाईने उत्तर शोधू नकोस. रोज पहाटे एकच पान लिही, पाठकोऱ्या कागदावर लिहिलंस तरी चालेल, आणि महिनाभर ते कपाटात राहू दे.

तू मायाळू आहेस, परक्याला, मग तो मंगळावरचा असो की या खोलीतला, तू वाऱ्यावर सोडणार नाहीस, ते मला सांगायला नको. फक्त त्याला बोलायला सवड दे. तो गावाकडे फोन करतो तेव्हा काय लपवतो, पहिल्या पगारातून काय घेतो, ते आधी तुला कळू दे.

सुट्टीत आलीस की कोपऱ्यावरच्या खानावळीच्या मावशींकडे जाऊ. बसवाल्या पोरांचे डबे त्याच भरतात. तुझी आजी विचारते आहे, हॉस्टेलवर पोटभर जेवतेस ना?

तुझे आजोबा