नोंद चालकाच्याही हाती हवी

भिवंडीच्या गोदामातून निघालेला ट्रक कसारा घाट चढला का, धुळ्याच्या अलीकडे धाब्यावर किती वेळ थांबला, हे मालकाला आता कचेरीत बसून दिसतं. उपग्रह गाडीवर नजर ठेवतो, असं आपण सहज म्हणतो. पण जीपीएसच्या उपग्रहांना गाडी दिसतच नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात. गाडीतलं यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश घेऊन आपलं ठिकाण काढतं आणि सिमकार्डावरून ते कळवतं. कोणाला कळवायचं, हे मात्र जमिनीवरची माणसं ठरवतात. माझा सगळा मुद्दा इथेच आहे.

मालकाची गरज खोटी नाही. कर्ज काढून एकुलता एक ट्रक घेतलेल्याला डिझेलची चोरी किंवा रिकामी परतफेरी परवडत नाही. गाडी कुठे आहे हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

पण यंत्राला जागा कळते, कारण कळत नाही. माल उतरवायला गोदामाच्या फाटकाबाहेर चालक रात्रभर रांगेत असतो. दर तासाला गाडी चार हात पुढे घ्यायची, म्हणजे झोप नाहीच. पडद्यावर मात्र गाडी ‘उभी’ दिसते. सकाळी माल उतरला की लगेच पुढचं भाडं तयार, कारण हिशेबात त्याची विश्रांती झालेली असते! हा अन्याय आहे, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला त्याचा धोका आहे.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम, लांबच्या मार्गावर फार तर दहा, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली. तेव्हा पुरावा म्हणजे हाताने भरलेली वही. आज मिनिटामिनिटाची नोंद आपोआप होते, तरी चालकाच्या तासांसाठी ती क्वचितच उघडली जाते. युरोपीय संघात ट्रकचालकाकडे स्वतःच्या नावाचं कार्ड असतं. गाडी चालवल्याचे आणि विश्रांतीचे तास त्यावर उमटतात, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं.

आपल्याकडे यंत्र गाडीत आधीच बसलेलं आहे. वाहतूकदारांनी पगारासोबत चालकाला त्याच्या तासांचा उताराही द्यावा, आणि फाटकावरची रात्र त्यात काम म्हणून लिहावी.