मुदत उलटलेली थकबाकी

वसुलीची मुदत उलटली की देणे फिटले, असे समजायचे काय? अमेरिकेतील एक जुने प्रकरण वाचल्यापासून हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही.

जानेवारी 2009 मध्ये ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले. कारभार पारदर्शक ठेवण्याचे फर्मान त्यांनी 21 तारखेलाच काढले. नेमके त्याच दिवशी त्यांनी अर्थमंत्रिपदासाठी निवडलेले टिमोथी गाइटनर सिनेटच्या समितीपुढे स्वतःच्या थकलेल्या कराचा खुलासा करीत होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत नोकरीला असताना, 2001 ते 2004 या काळात, त्यांनी सुमारे 34 हजार डॉलर कर भरला नव्हता. तेथे हा कर पगारातून कापला जात नाही, नोकराने आपला आपण भरायचा. त्यासाठी संस्था भत्ताही देते! 2006 मध्ये करखात्याने तपासणी केली तेव्हा गाइटनर यांनी 2003 आणि 2004 ची बाकी चुकती केली. आधीच्या दोन वर्षांच्या वसुलीची मुदत टळून गेली होती. ती रक्कम त्यांनी भरली 2008 च्या अखेरीस, मंत्रिपदासाठी कागदपत्रांची छाननी सुरू झाल्यावर.

बेफिकिरीने चूक झाली, असे त्यांचे म्हणणे. ते आम्ही मान्यही करू. कराचे फॉर्म भरताना भल्याभल्यांची गाळण उडते. पण 2006 मध्ये चूक कळली होती. चारही वर्षांची चूक एकच, मग पैसे दोनच वर्षांचे का? उरलेले कोणी मागितले नाहीत म्हणून? सिनेटने 60 विरुद्ध 34 मतांनी त्यांना मंजुरी दिली आणि करखाते त्यांच्याच हाताखाली आले.

टॉम डॅशल यांची बाकी लाखावर डॉलरची होती. मित्राने दिलेल्या मोटारीवरचा आणि ड्रायव्हरवरचा कर त्यातच आला. 3 फेब्रुवारीला त्यांनी माघार घेतली. त्याच दिवशी नॅन्सी किलफर यांनीही. त्यांच्या घरावर 2005 मध्ये बोजा चढला होता, अवघ्या 946 डॉलर 69 सेंटचा. ओबामांनी दूरचित्रवाणीवर आपली चूक कबूल केली.

किलफरबाईंची रक्कम किरकोळ, पण ती होती कशाची? घरी कामाला ठेवलेल्या माणसामागे मालकाने भरायच्या बेरोजगारी-कराची. काम सुटले तर त्या माणसाच्या हाती चार पैसे पडावेत, यासाठी तो कर.

इथे मात्र आम्ही ओशाळलो. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई आजारी पडली की तिचे खाडे आम्ही चोख मोजतो. आमचे कागद कोणतीही समिती मागवीत नाही. गेल्या महिन्यात तीन दिवसांचे पैसे कापले.