झेरॉक्स, पेटंट आणि अपरिग्रह

कोर्टाच्या आवारात, कॉलेजच्या फाटकाशी, तहसील कचेरीसमोर ‘झेरॉक्स’ची पाटी हटकून दिसते. त्या यंत्राच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे: ज्ञानावर मालकी सांगता येते का?

शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांचा कल नकाराकडे होता. विद्युतलहरी टिपणाऱ्या त्यांच्या उपकरणाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळालं, तेही त्यांच्या हितचिंतक भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे. विद्येचा बाजार मांडू नये, ही आपल्याकडची जुनी धारणा.

झेरॉक्सचं तंत्र शोधणारा चेस्टर कार्लसन मात्र पेटंटच्याच कचेरीत वाढला म्हणा ना! गरिबीतून आलेला हा माणूस न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात कामाला होता. तिथे कागदांच्या प्रती कधी पुरत नसत. त्या जाचातूनच कल्पना सुचली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अस्टोरियातल्या खोलीत त्यानं आणि ओटो कोर्नेईनं गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासला आणि काचेवर लिहिलेली तारीख कागदावर उतरवली.

पुढे वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला वाटेला लावलं. १९४२ साली पेटंट मिळालं. त्याच्याकडे ना विकायला यंत्र होतं, ना भांडवल. होता तो हा हक्क. त्याच्याच बळावर १९४४ साली बॅटेल या संशोधन संस्थेशी करार झाला, मग हॅलॉइड कंपनी पुढे आली, आणि १९५९ साली ‘झेरॉक्स ९१४’ बाजारात उतरलं.

पण हा हक्क म्हणजे मालकी नव्हे, मुदतीचा सौदा. ‘पेटंट’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘उघडं’. संशोधकानं आपली युक्ती जगाला सांगायची, बदल्यात काही वर्षं ती वापरण्याची मुभा कुणाला द्यायची हे त्यानं ठरवायचं. अमेरिकेत तेव्हा ही मुदत १७ वर्षांची होती. म्हणजे पहिलं मोठं यंत्र आलं त्याच वर्षी मूळ पेटंट संपलं. पुढच्या सुधारणांची पेटंटं तेवढी उरली.

कार्लसन गडगंज श्रीमंत झाला. पत्नी डॉरिसमुळे तो वेदान्त आणि झेनकडे वळला, आणि सुमारे १० कोटी डॉलर त्यानं वाटून टाकले, बरंचसं गुप्तदान. गरीब होऊनच मरावं, अशी त्याची इच्छा होती. १९६८ साली तो गेला.

बोसांनी मिळालेला हक्कही धरून ठेवला नाही. कार्लसननं तो धरला, कामाला लावला, मग त्यातून आलेलं सोडून दिलं. अपरिग्रही कोणाला म्हणायचं? १९४२चं ते पेटंट आज कुणालाही वाचता येतं. हवं तर त्याची झेरॉक्सही काढता येते.